पैशाची साक्ष

नाण्यांचा छंद म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे सुवर्णमोहरा उभ्या राहतात, आणि हा आपल्या आवाक्यातला विषय नव्हे असे म्हणून तो बाजूला होतो. मासिक वेतनावर संसार चालविणाऱ्या आमच्यासारख्यांनी मोहरांचा नाद सोडून पैशाकडे वळावे, असे आम्हांस वाटते. येथे पैसा म्हणजे धन नव्हे. रुपयाचा चौसष्टावा भाग असलेले ते तांब्याचे नाणे. मोहर खजिन्यात पडून राही. पैसा मात्र भाजीवालीच्या ओच्यातून भिक्षेकऱ्याच्या झोळीत आणि तेथून वाण्याच्या गल्ल्यात अखंड हिंडे. म्हणूनच इतिहासाच्या दरबारात त्याची साक्ष मोलाची आहे.

प्रथम आमच्या लखनौचाच दाखला घेऊ. अठराव्या शतकाच्या अखेरीस येथे पडलेला मच्छीदार रुपया पाहावा. त्यावर नाव दिल्लीच्या शाहआलम बादशहाचे, टांकसाळ बनारसची आणि राज्यवर्ष सदैव सव्विसावे! खरे बोलणारी खूण एकच, ती म्हणजे अवधची मासळी. पुढे १८१९ साली गाजीउद्दीन हैदराने बादशाही पद धारण करून स्वतःच्या नावाची नाणी पाडली. पण त्या पदामागे कंपनी सरकारचे उत्तेजन होते, आणि १८५६ साली त्याच कंपनीने वाजिदअली शाहाचे राज्य खालसा केले. दुसऱ्याच्या अनुज्ञेने मिळालेले सार्वभौमत्व असेच असावयाचे!

याच्या शेजारी आपली शिवराई ठेवून पाहा. शिवछत्रपतींनी १६७४ साली राज्याभिषेक करवून घेतला. त्यांच्या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे आहेत. त्यासाठी कोणाची अनुज्ञा मागितलेली नव्हती. पुढे पेशवाईत मराठी मुलखातले चांदीचे रुपये मोगल बादशहाच्या नावाने पडू लागले. मात्र दुदांडी शिवराईवर नाव राहिले ते छत्रपतींचेच. सावकाराच्या पेढीवरील रुपया दिल्लीचे नाव सांगत असता, कुणब्याच्या कनवटीचा पैसा स्वराज्याचे नाव सांगत होता. ही एक गोष्ट समजली तरी या छंदाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

इंग्रजी अमदानीचा पैसाही असाच बोलका आहे. १८३५ च्या रुपयावर इंग्लंडच्या राजाचे मुख आहे, तर त्याच सालच्या पाव आण्यावर व्यापारी कंपनीचे चिन्ह. १८६२ पासून व्हिक्टोरिया राणी आली. १८७७ मध्ये ती नाण्यावर सम्राज्ञी झाली. १९०६ साली तांबे जाऊन कासे आले. महायुद्धात धातूची टंचाई पडली, तेव्हा १९४३ मध्ये पैशाला मधोमध भोक पडले. १९५० साली त्यावर स्वतंत्र भारताचा घोडा धावू लागला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले. १९६४ मध्ये ‘नया’ शब्द गळाला, १९६५ मध्ये अॅल्युमिनियमचा हलका पैसा आला, आणि ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांपर्यंतची सारी नाणी चलनातून बाद झाली.

आरंभ कसा करावा? घरातील जुने डबे व देव्हाऱ्याची पेटी प्रथम पाहावी. मग १८६२ ते १९५५ या काळातील एकेका राजवटीचा निदान एक पैसा मिळवावा. फार दाम पडत नाही. लखनौकरांनी रविवारी नख्खासच्या बाजारात फेरी मारावी. मात्र शिवराईच्या नकला पुष्कळ निघाल्या आहेत. तेव्हा आधी जाणत्यास दाखवावे, मगच खरेदी करावी. येथील राज्य संग्रहालयही पाहावे. त्याच्या मोगल नाण्यांची सूची कॅनिंग कॉलेजातील प्राध्यापक सी. जे. ब्राउन यांनी केली व ती १९२० साली प्रसिद्ध झाली.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. तांब्याचे भांडे दिसताच चिंच लावून लखलखीत करण्याची आपल्या घरांची रीत आहे. ती नाण्याला लावू नये. शतकाने चढविलेला काळसर थर निघाला की अक्षरेही झिजतात आणि मोलही उतरते. प्रत्येक नाणे कागदाच्या पाकिटात ठेवावे व ते कोठे, केव्हा, कोणाकडून मिळाले हे वर लिहावे. भूमीत सापडलेल्या नाण्यांची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे.

आजवर किती शिवराया तांबटाच्या मुशीत गेल्या असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या कित्येक मराठी घरांत आजही एखादी शिवराई देवांबरोबर पूजेत असेल. पुढची पिढी ती मोडीच्या भावाने देऊन टाकील, त्यापूर्वी तिच्यावरची अक्षरे आपल्या मुलांकडून एकदा वाचवून घ्यावीत. ‘छत्रपति’ हा शब्द त्यांनी पुस्तकात वाचलेला असतो; तो हाताला लागणे ही गोष्ट निराळी.