करार झाला कुठे?

परगावच्या किंवा परदेशच्या व्यापाऱ्याशी वाद झाला, की दावा कोणत्या कोर्टात लावायचा हा प्रश्न आधी येतो. त्याचे उत्तर पुष्कळदा करार कुठे झाला यावर ठरते. इंटरनेटवरील व्यवहारांना आज लागू असलेला नियम टपालाच्या काळापासून घडत आला आहे.

लोकरीच्या एका सौद्यावरून १८१८ साली इंग्लंडच्या न्यायालयाने ठरवले, की होकाराचे पत्र टपालात पडताच करार पक्का होतो. टेलेक्स आल्यावर हा नियम अपुरा पडला. १९५५ च्या एन्टोरेस खटल्यात होकार ॲमस्टरडॅमहून लंडनला टेलेक्सने आला होता. संदेश लगेच पोचत असेल, तर तो मिळतो तिथेच करार होतो, असे न्यायमूर्ती डेनिंग यांनी सांगितले आणि लंडनच्या कोर्टाचा अधिकार मान्य झाला.

भारतात हाच वाद सरकीच्या पेंडीवरून उभा राहिला. जुलै १९५९ मध्ये अहमदाबादच्या पेढीने खामगावच्या जिनिंग-तेल गिरणीशी ट्रंक कॉलवर पेंडीचा सौदा केला. माल मिळाला नाही, म्हणून पेढीने अहमदाबादच्या कोर्टात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. होकार खामगावातून दिला, तेव्हा करार खामगावचाच, असे गिरणीचे म्हणणे. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने अहमदाबादच्या बाजूने कौल दिला: फोनवरचा होकार जिथे ऐकू येतो, तिथे करार होतो. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ४ वर बोट ठेवले. होकार देणाऱ्याच्या हातून सुटला, की प्रस्ताव मांडणारा बांधला जातो, असे ते कलम म्हणते. तेव्हा करार खामगावातच झाला. कायद्याचे शब्द पाहिले, तर त्यांचे भिन्नमत अधिक भक्कम वाटते.

ईमेलने दोन्ही मते अडचणीत आणली. पाठवणारा पुण्यात, घेणारा दुबईत आणि सर्व्हर तिसऱ्याच देशात असू शकतो; यंत्राची जागा धरली, तर कुणाचाच संबंध नसलेल्या देशाचा कायदा मध्ये येतो. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने १९९६ च्या नमुना कायद्यात ही गाठ सोडवली. संदेश पाठवणाऱ्याच्या व्यवसायाच्या ठिकाणाहून निघाला आणि घेणाऱ्याच्या व्यवसायाच्या ठिकाणी पोचला, असे मानायचे. यंत्र कुठेही असो. या नमुन्यावर बेतलेल्या भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या (२०००) कलम १३ मध्ये हाच नियम आहे. २००५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याने आणखी स्पष्ट केले, की एखाद्या देशाचे डोमेन नाव वापरले, एवढ्यावरून व्यवसाय त्या देशात आहे असे गृहीत धरता येत नाही.

हा नियम पक्षांनी वेगळे ठरवले नसेल तरच चालतो. बहुतेक संकेतस्थळे अटींमध्ये आपल्या सोयीचे कोर्ट आधीच लिहून ठेवतात, आणि त्या अटी क्वचितच कुणी वाचतो. ग्राहकासाठी म्हणून वेगळी तरतूद लागली: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तो राहतो किंवा काम करतो तिथल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार नेऊ शकतो. २०२० चे ई-कॉमर्स नियम भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत.