सिंग सिंगचे कारभारी

मे १८२५. न्यूयॉर्क शहरापासून साधारण ३० मैल उत्तरेला, हडसन नदीच्या काठावर बोटींतून १०० कैदी उतरले. ऑबर्नच्या तुरुंगातून आधी ईरी कालव्याने आणि मग नदीने त्यांना इथवर आणले होते. उतरले तिथे तुरुंग नव्हताच. भिंत नाही, कोठडी नाही, रात्रीपुरते छप्परही नाही. होती फक्त संगमरवराची खाण. कैद्यांनी आधी निवाऱ्यापुरती बराक उभी केली आणि मग खाणीतला दगड फोडून स्वतःलाच कोंडायची इमारत बांधायला घेतली. न्यूयॉर्क राज्याचा पुढे जगभर गाजलेला सिंग सिंग तुरुंग तो हाच.

या १०० जणांना घेऊन आलेला माणूस म्हणजे एलाम लिंड्स. मूळ धंदा टोप्या बनवण्याचा; १८१२ च्या युद्धात कॅप्टन झालेला आणि १८२१ पासून ऑबर्नचा मुख्य अधिकारी. कैदी सुधारतो यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. मोडता मात्र येतो, याची खात्री होती. दिवसा सगळ्यांनी एकत्र काम करायचे, रात्री एकेकट्याने कोठडीत पडायचे आणि चोवीस तासांत एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही, अशी त्याची पद्धत. चालतानाही एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात, माना एकाच बाजूला वळलेल्या. ओठ हलले तर पहारेकऱ्याला दिसावेत म्हणून. ओठ हलले की चाबूक. त्यासाठी चौकशी, सुनावणी असले काही लागत नसे.

१८२८ मध्ये ८०० कोठड्यांची इमारत उभी राहिली. प्रत्येक कोठडी ७ फूट लांब, ३ फूट ३ इंच रुंद आणि ६ फूट ७ इंच उंच. दोन्ही हात पसरायला गेले तर दोन्हीकडच्या भिंती आडव्या येतात. नळ नाही, मोरी नाही, एक बादली. नदी अगदी पायाशी, त्यामुळे दगडाला ओल कायमची.

१८३१ मध्ये अलेक्सी द तॉकव्हिल आणि गुस्ताव्ह द बोमाँ हे दोन तरुण फ्रेंच अधिकारी अमेरिकेतले तुरुंग पाहायला आले. सिंग सिंगमध्ये त्यांनी जे पाहिले त्याने ते चक्रावले. सुमारे ९०० कैदी उघड्यावर काम करताहेत, पायांत बेडी नाही, सभोवती भिंत नाही आणि पहाऱ्याला माणसे जेमतेम ३०. हे जमते कसे? तॉकव्हिलने उत्तर शोधले ते असे: ३० जण एकमेकांशी बोलू शकतात, ९०० जण बोलू शकत नाहीत. तिसांची फौज होते. नऊशे जण मात्र नऊशे एकटे राहतात. सिंग सिंगच्या पुढच्या शंभर वर्षांतल्या प्रत्येक वॉर्डनला हे गणित सोडवावे लागले. मूठभरांनी शेकडोंना धरून ठेवायचे, ते कशाच्या जोरावर?

लिंड्स तोवर सिंग सिंग सोडून गेला होता. तॉकव्हिलला तो सिराक्यूजमध्ये लोखंडी सामानाच्या दुकानात भेटला. त्याच्याबद्दलचा एक किस्सा या दोघा फ्रेंचांनी नोंदवून ठेवला आहे. एक कैदी लिंड्सचा जीव घेण्याची भाषा करत होता. लिंड्सने त्यालाच खोलीत बोलावले, हातात वस्तरा दिला आणि दाढी करून घेतली. दाढी आटोपल्यावर सांगितले, की तुझा बेत मला ठाऊक होता, पण ते धाडस तुझ्यात नाही हेही ठाऊक होते. किस्सा सांगणाऱ्यांनी त्याला थोडी धार लावली असेलही, पण लिंड्सची सत्ता कशावर उभी होती हे त्यातून नेमके कळते.

हा तुरुंग सरकारला पैसे मिळवून देणारा कारखानाही होता. कैद्यांनी घडवलेला संगमरवर न्यूयॉर्कच्या इमारतींना जाऊ लागला आणि शहरातल्या पाथरवटांच्या पोटावर पाय आला. विद्यापीठाच्या नव्या इमारतीला सिंग सिंगचा दगड वापरल्यावरून १८३४ मध्ये त्यांनी दंगल केली, ती आवरायला लष्कर बोलवावे लागले. वॉर्डनची नेमणूक राजकीय असे. राज्यात पक्ष बदलला की तुरुंगातला साहेब बदलायचा. लिंड्सही १८४३ मध्ये असाच परत आला आणि वर्षभरात पुन्हा घरी गेला.

त्याच आवारात टेकडीवर स्त्रियांचा वेगळा तुरुंग होता. १८४४ मध्ये तिथे प्रमुख म्हणून आली एलायझा फार्नहॅम. मौनाचा नियम तिने सैल केला, भिंतींवर चित्रे लावली, फुलझाडे आणली आणि रोज कैदी स्त्रियांना पुस्तके वाचून दाखवायला सुरुवात केली. त्यांत कादंबऱ्या होत्या, हे धर्मोपदेशकाला खपले नाही. वाद वर्तमानपत्रांपर्यंत गेला आणि १८४८ मध्ये तिला जावे लागले. लिंड्सच्या चाबकावरही एवढी वर्षे ओरड झाली होती. पण कादंबरीने उडालेला गहजब वेगळ्याच जातीचा.

१८४७ मध्ये कायद्याने चाबूक बंद झाला. त्याची जागा बांधून ठेवलेल्या कैद्याच्या डोक्यावर थंड पाणी सोडण्याच्या शिक्षेने घेतली. १८९१ मध्ये विजेची खुर्ची आली. १९६३ पर्यंत तिथे ६१४ जणांना मृत्युदंड दिला गेला. तुरुंगाची अपकीर्ती इतकी वाढली, की सिंग सिंग नावाच्या शेजारच्या गावाने १९०१ मध्ये आपले नावच बदलून ऑसिनिंग केले. वॉर्डन येत होते, जात होते. इथून लवकर सुटायचे असेल तर वॉर्डन म्हणून आत जावे, असा विनोदच पडला होता.

थॉमस मॉट ऑस्बर्न मात्र कैदी होऊन आत गेला. ऑबर्नच्या श्रीमंत कारखानदार घराण्यातला हा माणूस, शहराचा माजी महापौर. तुरुंगसुधारणा आयोगाचा अध्यक्ष असताना १९१३ मध्ये तो ‘टॉम ब्राऊन’ नावाने ऑबर्नच्या तुरुंगात आठवडाभर राहिला. एक रात्र त्याने अंधारकोठडीतही काढली. तिथेच कैद्यांच्या स्वशासनाची कल्पना रुजली आणि डिसेंबर १९१४ मध्ये सिंग सिंगचा वॉर्डन झाल्यावर त्याने ती इथे राबवली. कैद्यांनी मतदान करून प्रतिनिधी निवडायचे, शिस्तभंगाचे खटले कैद्यांच्याच न्यायालयात चालायचे, कारखान्यांत पहारेकऱ्यांऐवजी कैद्यांच्या प्रतिनिधींनी लक्ष ठेवायचे. लिंड्सने ज्यांना बोलू दिले नाही त्यांना ऑस्बर्नने सभा भरवायला सांगितले. ज्यांच्या हातून सत्ता आणि वरकमाई निसटली, ते गप्प बसणे शक्यच नव्हते. डिसेंबर १९१५ मध्ये ऑस्बर्नवर कर्तव्यात कसूर, खोटी साक्ष आणि चारित्र्याबाबतचे आरोप ठेवले गेले. एकही टिकला नाही. जुलै १९१६ मध्ये तो परतला तेव्हा कैद्यांनी जल्लोष केला. ऑक्टोबरमध्ये मात्र वरिष्ठांशी रोजची झटापट नको म्हणून त्याने राजीनामा दिला.

१ जानेवारी १९२० रोजी लुइस लॉज आला आणि तब्बल २१ वर्षे राहिला. १९०५ मध्ये साधा पहारेकरी म्हणून या खात्यात चिकटलेला हा माणूस ऑस्बर्नपेक्षा व्यवहारी होता. ऑस्बर्नच्या स्वशासनातून उभी राहिलेली कैद्यांची संघटना त्याने मोडली नाही. शिस्तीचे अधिकार तेवढे स्वतःकडे घेऊन तिला खेळ आणि करमणूक दिली. बायकोच्या खुनाबद्दल आत आलेला चार्ल्स चॅपिन हा नामांकित संपादक; त्याला लॉजने उजाड आवारात गुलाबांची बाग करू दिली. सप्टेंबर १९२९ मध्ये न्यूयॉर्क यँकीज संघ इथे कैद्यांशी बेसबॉल खेळला आणि बेब रूथने चेंडू टोलवून भिंतीपार घालवला. कैद्यांच्या फुटबॉल संघाचे सामने तिकीट काढून पाहायला बाहेरचे लोक येत. त्या संघातला ‘अलाबामा’ पिट्स १९३५ मध्ये सुटल्यावर व्यावसायिक बेसबॉलमध्ये गेला, तोही मोठा वाद होऊन.

लॉजची दुसरी बाजू अवघड आहे. तो मृत्युदंडाच्या विरोधात होता, देशभर व्याख्याने देत होता आणि त्याच्याच हाताखाली ३०३ जणांना विजेच्या खुर्चीवर बसवले गेले. जानेवारी १९२८ मध्ये रूथ स्नायडरच्या मृत्युदंडाच्या वेळी एका छायाचित्रकाराने घोट्याला छोटा कॅमेरा बांधून विजार किंचित वर केली आणि फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी तो ‘डेली न्यूज’च्या पहिल्या पानावर होता. वॉर्डनच्या नाकासमोर घडलेला प्रकार. राजीनामा देऊन मोकळे व्हावे, असे लॉजला टीकाकार सुचवत. खुर्चीची कळ दाबली जाण्याची तजवीज करत करतच तो तिच्याविरुद्ध लिहीत राहिला. या विसंगतीबद्दल त्याला सूट द्यायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. आपण राजीनामा दिला तर जागेवर लिंड्सचा वारस येईल, ही भीती अगदीच निराधार नव्हती.

बेसबॉल, गुलाब, सिनेमा हे सगळे चालू असताना रात्री मात्र शेकडो कैदी लिंड्सच्याच कोठडीत झोपत होते. तीच ३ फूट ३ इंचांची रुंदी, तीच बादली. नवे सेल ब्लॉक १९२० च्या दशकाअखेर बांधून झाले, तरी जुन्या इमारतीतून कैदी पूर्ण हलले ते १९४३ मध्ये. लॉज तोवर निवृत्त झाला होता. एप्रिल १९४१ मध्ये तुरुंगाच्या रुग्णालयातून पळताना कैद्यांनी एक पहारेकरी आणि एक पोलीस मारला, त्यानंतर तीनच महिन्यांनी.

१९७० मध्ये राज्याने ‘वॉर्डन’ हे पदनाम काढून अधीक्षक नेमले आणि बहुतेक निर्णय राजधानीत ऑल्बनीला होऊ लागले. जानेवारी १९८३ मध्ये बी ब्लॉकमधल्या कैद्यांनी १७ पहारेकऱ्यांना ओलीस धरले. ५३ तासांनी सगळे जिवंत सुटले, पण वाटाघाटींचे दोर आता अधीक्षकापेक्षा ऑल्बनीच्या हाती होते.