कृमीची खोड की गर्भाचा समतोल? छोट्या आरएनएची गोष्ट

आज आपण वळूया १९९३ सालाकडे. जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या एका सूत्रकृमीत व्हिक्टर अँब्रॉस यांच्या गटाला लिन-४ या जनुकाचं गुपित कळलं. त्यापासून प्रथिन बनतच नाही! बनतो फक्त २२ अक्षरांचा आरएनए. तो लिन-१४ च्या संदेशवाहक आरएनएवर जुळून बसतो आणि त्याचं प्रथिन कमी करतो, हे त्याच वेळी गॅरी रुव्हकुन यांच्या कामातूनही दिसलं. पण बहुतेकांना वाटलं, ही त्या कृमीचीच खोड असणार.

२००० मध्ये लेट-७ हा दुसरा छोटा आरएनए सापडला. तो माशीत, माशात, माणसातही निघाला. तेव्हा कुठे सगळ्यांचे कान टवकारले.

आता प्रश्न असा, की वाढत्या गर्भात हे आरएनए करतात काय? २००७ मध्ये चोई, गिराल्डेझ आणि शियर यांनी झेब्राफिशच्या गर्भात एक उत्तर शोधलं. कोणत्या पेशींपासून आतडं घडणार, कोणत्यांपासून स्नायू, हे ठरवण्यात 'नोडल' संकेताचा मोठा वाटा असतो. स्क्विंट हे प्रथिन हा संकेत देतं, लेफ्टी त्याला आवरतं. आणि एमआयआर-४३० हा छोटा आरएनए दोघांनाही दाबून ठेवतो! संशोधकांनी एकेका संदेशवाहकावरची त्याची बसायची जागा झाकली. स्क्विंट मोकळं झालं, संकेत वाढला. लेफ्टी मोकळं झालं, संकेत घटला. म्हणजे टाच आणि लगाम, दोन्ही एकाच्याच हातात.

अँब्रॉस आणि रुव्हकुन यांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये, त्या 'खोडी'नंतर तब्बल ३१ वर्षांनी.