साध्या ट्रकमधील चालक आणि वातानुकूलित केबिनचा नियम

रायपूर : नागपूर, रायपूर व संबलपूर यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वरील ट्रकचालकांसाठी केबिन हे कामाचे ठिकाण असते आणि मुक्कामाचेही. सिलतरा, उरला येथील पोलाद कारखान्यांत माल भरताना क्रमांक लागेपर्यंतचा वेळही बहुधा तेथेच जातो.

केंद्रीय नियमानुसार २०२५ मधील ठरलेल्या तारखेपासून उत्पादित होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या ट्रकमध्ये चालकाची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक आहे. त्याआधीचे ट्रक नियमाबाहेर आहेत. अशा साध्या ट्रकमध्ये इंजिनाचे आवरण अनेकदा चालकाच्या आसनालगतच असते. उन्हाळ्यात इंजिनाची धग आणि तापलेला पत्रा, असा दुहेरी त्रास होतो. झोपण्यासाठी आसनामागील अरुंद फळी, नाहीतर ढाब्यावरील खाट.

चालकांचे म्हणणे मात्र उकाड्यापुरते नाही. अनेक ठिकाणी मालक फेरीमागे डिझेल ठरवून देतो. वाचलेले डिझेल ही चालकाची वरकमाई. वातानुकूलन यंत्र चालवले की नेमकी तीच घटते. नव्या ट्रकमध्ये यंत्र आले, तरी ते चालू ठेवण्याचा भार कोणी सोसायचा, हे नियम सांगत नाही.

कामाच्या तासांचेही असेच झाले. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली. परंतु पाचपेक्षा कमी कामगार असलेले मालक सर्वसाधारणपणे त्याच्या कक्षेबाहेर राहिले. एक-दोन ट्रकच्या मालकांकडील चालक त्यांतच मोडत.