भोपळ्याच्या आधीचा कंदील

हॅलोविन म्हटलं की डोळ्यांसमोर केशरी भोपळा येतो. दात विचकलेला, पोटात मेणबत्ती. फोनवरचा इमोजीसुद्धा तोच. पण या कंदिलाचा सगळ्यात भीतीदायक नमुना बघायचा असेल, तर आयर्लंडला जावं लागेल. मेयो परगण्यात कॅसलबार गावाजवळ टर्लो पार्क इथे राष्ट्रीय संग्रहालयाचा ग्रामीण जीवनाचा विभाग आहे. तिथे सुरकुतलेला, खोल डोळ्यांचा एक चेहरा ठेवलाय. तो भोपळ्याचा नाही, सलगमचा आहे. डोनेगल परगण्यातल्या फिनटाउनच्या एका शिक्षिकेने १९४३ मध्ये तो संग्रहालयाला दिला. कंद टिकणार नाही हे दिसतच होतं, म्हणून संग्रहालयाने त्याची प्लास्टरमध्ये प्रतिकृती करून ठेवली. आज आपण बघतो ती ही प्रतिकृतीच.

हॅलोविनच्या मुळाशी ‘साउइन’ हा गेलिक सण आहे. ३१ ऑक्टोबरची रात्र म्हणजे सुगीचा शेवट आणि हिवाळ्याची सुरुवात. या रात्री मेलेली माणसं आणि अदृश्य शक्ती मोकळ्या फिरतात, असा समज. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पोरं मुखवटे चढवून घरोघर हिंडायची आणि सलगम पोखरून केलेले कंदील सोबत घ्यायची. याची एक लोककथाही आहे. सैतानाला फसवणाऱ्या जॅकला मेल्यावर ना स्वर्गात जागा मिळाली ना नरकात. हातात निखारा ठेवलेलं सलगम घेऊन तो आजही अंधारात भटकतोय म्हणे.

पण सलगमच का? याचं उत्तर कथेत नाही, शेतात आहे. ऑक्टोबरअखेरीला तिथे सलगमची काढणी होते. माणसं खातात, गुरांनाही घालतात. म्हणजे पोराने एखादा कंद उचलला तर घरात कोणी ओरडणार नाही, अशी वस्तू. इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये हिंटन सेंट जॉर्ज या गावी ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी ‘पंकी नाइट’ होते. तिथले कंदील तर बीटच्या जातीच्या, गुरांच्या चाऱ्यासाठी पिकवलेल्या कंदाचे.

आमच्या भाषेत सांगायचं तर इथे इंटरफेस ठरलेला आहे, इम्प्लिमेंटेशन मोकळं. वाऱ्यापासून ज्योत वाचवणारी भिंत हवी, हवा आत-बाहेर जायला भोकं हवीत आणि धरायला कडी हवी. एवढं जमवणारी घरातली कुठलीही वस्तू चालते.

१८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला. त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसं मेली आणि तितकीच किंवा त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यातली पुष्कळ अमेरिकेत पोचली. सोबत ही रात्रही गेली. तिकडे भोपळा होता, मूळचा त्याच खंडातला. आपल्या घारग्यांतला लाल भोपळासुद्धा तिथूनच पोर्तुगीजांच्या काळात इकडे आला. अमेरिकेतली पोरं हॅलोविनशी काही संबंध नसताना आधीपासूनच भोपळ्यावर तोंडं कोरत होती. व्हिटियर या कवीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर थँक्सगिव्हिंगच्या कवितेत त्याची आठवण काढली आहे. आयरिश लोकांची रात्र आणि अमेरिकेचा भोपळा एकत्र आले. भोपळा मोठा, आतून पोकळ, कोरायला सोपा. आणि शेतात भरपूर.

पत्र्याच्या डब्याची गोष्ट याहून वेगळी नाही. डबाबंद अन्नाचं पेटंट पीटर ड्युरंडने १८१० मध्ये लंडनमध्ये घेतलं. पुढे रिकामे डबे घरोघर साचायला लागले. अमेरिकेच्या वायव्य भागात खाणकामगार आणि लाकूडतोडे डबा आडवा धरून त्याच्या पोटाला खालून भोक पाडायचे, त्यातून मेणबत्ती आत सरकवायचे आणि वर तारेची कडी लावायचे. याला ‘पलूसर’ म्हणत. आतला चकचकीत पत्राच आरशाचं काम करायचा. १९४० च्या दशकात दुकानांत हॅलोविनचे जे कंदील मिळत, त्यातले पुष्कळसे अंड्यांच्या ट्रेसारख्या कागदाच्या लगद्याचे होते. ते आज हौशी संग्राहकांच्या कपाटात आहेत. खाणकामगाराचा डबा मात्र गंजून गेला. विकत घेतलेल्या वस्तूला जपलं जातं, टाकाऊतून केलेली पुन्हा टाकाऊत जाते. म्हणूनच हॅलोविनच्या इतिहासात भोपळा एवढा मोठा दिसतो.

गंमत पुढे आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्समधल्या जॉन हाउडन या शेतकऱ्याने भोपळ्याचं एक वाण तयार केलं. आकार छान, देठ जाड, कोरायला उत्तम. खायला मात्र पाणचट आणि धागेदार. आज अमेरिकेत कोरण्यासाठी सर्रास विकला जाणारा भोपळा हाच. म्हणजे शेतात होतं म्हणून कोरणारी परंपरा कोरून फेकण्यासाठी पिकवण्यापर्यंत पोचली. तोंड तेच राहिलं, हिशोब उलटा झाला.

आपल्याकडच्या आयटी ऑफिसांतही आता ऑक्टोबरअखेरीला हॅलोविनची सजावट होते. बरेचदा ती ऑनलाइन मागवलेल्या प्लास्टिकच्या भोपळ्यांची. ‘हे कुठलं आपलं?’ हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. करायचंच असेल तर सलगमवाल्या पोरांच्या जवळ जाणारं करावं, एवढंच. पत्र्याचा रिकामा डबा घ्या, लेबल सोलून काढा, पाण्याने भरा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. काठोकाठ भरू नका, कारण बर्फ फुगतो आणि डब्याचा तळ बाहेर येतो. सकाळी खिळा-हातोडी घेऊन डोळे आणि दात पाडा. आत बर्फ असल्यामुळे पत्रा चेपत नाही. बर्फ वितळला की डबा पुसा, भोकांच्या कडा कानशीने घासा, तारेची कडी लावा आणि आत छोटी मेणबत्ती ठेवा. कडी तापते, जपून धरा. रात्र सरली की डबा भंगारवाल्याला द्या.