‘कमी वापरा’ हे कोणी कोणाला सांगायचे?

रोवणीच्या दिवसांत लाखांदूर तालुक्यात दिवसा बोलायला माणूस मिळत नाही. म्हणून आमची बैठक रात्री विहारात भरते. मागच्या पावसाळ्यात पर्यावरणावर चर्चा ठेवली होती. पोरांनी तापमानवाढ, प्लास्टिक, वृक्षारोपण असे मुद्दे मांडले. शेवटी एकाने समारोप केला, “सगळ्यांनी आपल्या गरजा कमी केल्या पाहिजेत.” दिवसभर दुसऱ्याच्या बांधीत वाकून पऱ्हे लावून आलेली एक बाई मागे बसली होती. ती म्हणाली, “आमी आनखी का कमी करावं जी?”

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, आणि त्याचे उत्तर इतिहासात आहे.

१९९० साली वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेने पृथ्वी तापवणाऱ्या देशांची यादी काढली. त्यात भारत पहिल्या पाचांत होता. कसा? साचलेल्या पाण्यातल्या धानातून मिथेन वायू निघतो, गाईम्हशींच्या पोटातूनही निघतो. तो सगळा हिशेबात धरला गेला. म्हणजे आमच्या चौरास पट्ट्यातली धानाची बांधीही आरोपींच्या पिंजऱ्यात उभी! अमेरिकेतल्या मोटारीचा धूर आणि लाखांदूरच्या पोटाला लागणारा भात एकाच तराजूत.

१९९१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी याला उत्तर दिले. जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन यांत फरक करा, असे त्यांनी ठणकावले. हवा कोणाच्या बापाची नाही. ती घाण पचवते त्या क्षमतेवर जगातल्या प्रत्येक माणसाचा सारखा हक्क आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. पुढच्याच वर्षी रिओच्या परिषदेत हवामान करार झाला. जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही, हे तत्त्व त्यात आले. १९९७ च्या क्योटो करारात श्रीमंत देशांवर उत्सर्जन घटवण्याचे बंधन घातले गेले. अमेरिकेने सही केली, पण मंजुरी कधीच दिली नाही. आज तिथला माणूस वर्षाला सरासरी सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, भारतातला सुमारे २ टन.

तेव्हा श्रीमंत देशांनी वापर कमी करावा का? करावाच. ही दयेची नव्हे, न्यायाची मागणी आहे. पण एवढ्यावर थांबलो तर आपण अर्धेच सत्य बोललो.

कारण ‘भारतातला माणूस’ ही सरासरी आहे, आणि सरासरी फार सोयीची असते. एकूण उत्सर्जनात भारत आता जगात तिसरा आहे. हे दाखवले की आपले राज्यकर्ते दरडोई आकडा पुढे करतात. तो आकडा लहान कोणामुळे राहतो? रोवणीच्या मजुरीवर घर चालवणाऱ्या त्या बाईमुळे. मलबार हिलवरचा बंगला आणि त्याच्या दारातल्या चार गाड्या तिच्या लुगड्याआड लपतात. ग्रीनपीस इंडियाने २००७ मध्येच ही लपाछपी उघड केली होती. जगाच्या बैठकीत तिची गरिबी ढाल म्हणून वापरायची आणि गावात येऊन तिलाच काटकसर शिकवायची, हा दुटप्पीपणा आम्हाला मान्य नाही.

हे समजायला लांब जायची गरज नाही. शेजारच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. गावे उठली, शेती बुडाली, पुनर्वसनासाठी लोक वर्षानुवर्षे मोर्चे काढत राहिले. त्याच जलाशयात नागपूरचे सांडपाणी येते. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. शहराने वापरून टाकलेले पाणी खालच्या गावांनी आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजाने सोसायचे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस महापूर आला, धरणाचे ३३ दरवाजे उघडले, तेव्हा आमच्या तालुक्यातली नदीकाठची धानशेती पाण्याखाली गेली. वापर वर, परिणाम खाली. देशादेशांत जे नाते आहे, तेच शहर आणि गावात आहे.

‘कमी वापरा’ हा आदेश आमच्या समाजाला नवा नाही. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या भाषणात बाबासाहेबांनी तीन घटना नोंदवल्या आहेत. १९२८ साली इंदूरच्या बलाई समाजावर गावोगाव निर्बंध आले: जरीकाठी पागोटी नकोत, रंगीत काठाची धोतरे नकोत, बायकांच्या अंगावर सोने-चांदी नको. १९३५ मध्ये गुजरातेत अस्पृश्य बायांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. १९३६ मध्ये जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी एका अस्पृश्याने यात्रेहून आल्यावर तुपातले जेवण दिले, तर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने पंगत उधळली. तूप परवडत नव्हते असे नाही. तूप खाणे हा वरच्यांचा मान होता, म्हणून मार. जात ही खालच्यांनी किती वापरावे हे ठरवणारी व्यवस्थाही होती. म्हणून कोणी सरसकट त्यागाचे प्रवचन सुरू केले की आम्ही सावध होतो.

बाबासाहेबांनी १९१८ मध्येच, बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकाचे परीक्षण करताना, गरिबीच्या उदात्तीकरणाचे मूळ दाखवले. सुखे सर्वांना मिळण्यासारखी नव्हती, त्या काळात नीतिवाद्यांनी त्यागाचे गोडवे गायले, हा त्यांचा मुद्दा. १९४५ मध्ये गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राला दोष दिला नाही. खासगी मालकी आणि नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेला दिला. मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेला त्यांनी गती दिली, कारण वीज आणि पाणी सामान्य माणसाच्या दारी यावे.

मग काही मित्र विचारतात, बाबासाहेब विकासवादी होते, तर वापराला मर्यादा कशाला? याचे उत्तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये आहे. बुद्धाने दारिद्र्याला धन्य म्हटले नाही, संपत्तीला नाकारलेही नाही. संपत्ती विनयाच्या अधीन असावी, एवढेच सांगितले. विनय म्हणजे नियम, आणि संपत्तीवरचा नियम ज्याच्याकडे ती आहे त्यालाच लागू होणार. रिकाम्या कोठीला कुलूप कोण लावतो?

म्हणून आमची भूमिका दुहेरी आहे. श्रीमंत देशांनी वापर घटवावा, आणि आपल्या देशातल्या श्रीमंतांनीही. वाचलेल्या हवेतला, पाण्यातला, विजेतला वाटा ज्यांना कधी मिळालाच नाही त्यांना मिळावा. इटियाडोहचे पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोहोचावे, मामा तलावांतला गाळ निघावा, नागपूरने आपले सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावे. आमच्यासाठी पर्यावरणाची चळवळ ती हीच.

त्या बाईला पुढच्या बैठकीत आम्ही सांगितले, “मावशी, तुम्ही काही कमी करू नका. तुमच्या घरी अजून पंखा यायचा आहे.” ती म्हणाली, “पंखा आहे जी. लाईनच राहत नाही.”