खेळांतून अक्षरओळख : संत जेरोमपासून वऱ्हाडच्या अंगणवाडीपर्यंत



ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवालय कोणीं बांधिलें, घंटा केव्हां आली, कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, ह्यांचा वृत्तांत असावयाचाच. तो वाचकांस इतर पानांवर मिळेल. आम्हांस ह्या प्रसंगीं एक निराळेंच पुस्तक उघडावेंसें वाटलें. तें म्हणजे आपल्या धर्मग्रामाचें विवाह-नोंदीचें जुनें पुस्तक. त्याच्या आरंभींच्या पानांवर वधूवरांच्या व साक्षीदारांच्या नांवांपुढें बहुतेक ठिकाणीं अंगठ्याचे ठसे आहेत. पुढें पुढें त्या ठशांच्या जागीं वांकडींतिकडीं, पण ज्याच्या त्याच्या हातचीं अक्षरें दिसूं लागतात. अंगठ्यापासून सहीपर्यंतचें हें अंतर आपल्या लोकांनीं कसें काटलें, आणि ज्यांस तें काटतां आलें नाहीं ते कोठें अडले, ह्याचा थोडासा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

वऱ्हाड ही मराठी अक्षरांची जुनी भूमि. अमरावती जिल्ह्यांतील ऋद्धिपूर येथें तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं लीळाचरित्र सिद्ध केलें. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ होय. तरीहि ह्याच भूमींतील असंख्य घरांचा उंबरठा अक्षरांनीं कित्येक शतकें ओलांडिला नाहीं. दारिद्र्य, जातीचा अडसर, हंगामांत कापूस वेंचावयास लागणारे लेंकरांचे हात, हीं कारणें सर्वांस ठाऊक आहेत. परंतु ह्यांहून लहान दिसणारें एक कारण आहे, व तें दूर करणें सर्वस्वीं शिकविणाराच्या हातीं आहे. तें म्हणजे अक्षरांचें भय.

हें भय ओळखणारे थोर पुरुष ख्रिस्तसभेंत फार पूर्वीं होऊन गेले. इ. स. ४०३ च्या सुमारास संत जेरोम हे बेथलेहेम येथें पवित्र शास्त्राच्या भाषांतरांत गढून गेले होते. त्या वेळीं रोममधील लेता नांवाच्या एका मातेस त्यांनीं तिच्या चिमुकल्या मुलीच्या शिक्षणाविषयीं एक दीर्घ पत्र लिहिलें. ही मुलगी म्हणजे संत पाउला हिची नात. जेरोम स्वभावानें मोठे कडक, वादांत कोणाची भीड न धरणारे. पण ह्या पत्रांत त्यांची लेखणी आजोबांच्या हातासारखी मऊ झाली आहे. मुलीसाठीं लांकडाचीं किंवा हस्तिदंताचीं अक्षरें करवावीं, प्रत्येकाचें नांव तिला सांगावें व तीं तिला खेळावयास द्यावीं, म्हणजे खेळ हाच तिचा अभ्यास होईल, असें ते सुचवितात. अक्षरांचा क्रम तिला मुखोद्गत झाला तरी तेवढ्यावर थांबूं नये. तो क्रम वारंवार मोडावा, म्हणजे कानाप्रमाणें डोळाहि अक्षर ओळखूं लागेल. पाटीवर अक्षरें कोरून त्या खांचांतून तिचा हात फिरवावा. शिकावयास सोबतिणी द्याव्या, लहानसहान बक्षिसें द्यावीं, आणि ती मागें पडली तरी रागें भरूं नये. कारण बालपणीं अभ्यासाचा तिटकारा जडला तर तो मोठेपणींहि सुटत नाहीं. ह्यांतील बराच भाग पहिल्या शतकांतील रोमन शिक्षक क्विंटिलियन ह्याच्या ग्रंथांत आढळतो. चांगली गोष्ट कोणाचीहि असो, ती घेण्यांत संतास कमीपणा वाटला नाहीं.

आपल्या देशांतील पंतोजींच्या शाळांतहि ह्या विचाराचा अर्धा भाग होताच. मूल धूळपाटीवर बोटानें किंवा काडीनें अक्षर गिरवीत असे. चुकलें तर हात फिरवितांच पाटी पुन्हां कोरी. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल ह्यांनीं मलबारी मुलांस वाळूंत बोटानें अक्षरें काढतांना पाहिलें व तीच रीत आपल्या शाळेंत सुरू केली. १७९७ सालीं त्यांनीं त्याविषयींचें पुस्तक लंडनमध्यें छापिलें, आणि वाळूची पाटी विलायतेंतील गरीब मुलांच्या शाळांत जाऊन पोहोंचली. आपल्याकडे मात्र धूळपाटीशेजारीं छडी असे. बोटाला अक्षर समजे, पण त्याच वेळीं तळहाताला दुसरेंच कांहीं समजे.

पुढें ६ जानेवारी १९०७ रोजीं रोममधील सान लोरेंझो ह्या मजुरांच्या वस्तींत डॉक्टर मारिया माँटेसरी ह्या कॅथलिक विदुषीनें आपलें पहिलें बालगृह उघडिलें. वाळूच्या खरखरीत कागदाचीं अक्षरें कापून तीं गुळगुळीत पाटीवर चिकटविलेलीं असत. मूल दोन बोटें अक्षरावरून फिरवी व त्याचा उच्चार करी. शिकविण्याच्या पायऱ्या तीनच : प्रथम ‘हा म’ असें सांगावयाचें, मग ‘म कोणता, तो दे’ असें मागावयाचें, आणि शेवटीं ‘हें काय?’ असें विचारावयाचें. मूल चुकल्यास रागवावयाचें नाहीं. तो पाठ दुसऱ्या दिवशीं पुन्हां घ्यावयाचा. १९३९ सालीं ह्या बाई स्वतः मद्रासजवळील अड्यार येथें आल्या व १९४६ पर्यंत ह्या देशांत राहून त्यांनीं शिक्षक तयार केले.

आतां आपल्या अमरावतीकडे वळूं. मुंबईस १८९२ सालीं जन्मलेल्या व १९१४ सालीं पदवीधर झालेल्या ताराबाई मोडक विवाहानंतर अमरावतीस आल्या; त्यांचे यजमान येथील वकील होते. त्या घरच्या सुखदुःखांत शिरण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. १९२१ सालीं तो संसार संपला. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजांत काम करून १९२३ सालीं त्या भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्या बालमंदिरांत गेल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला. माँटेसरीबाईंचें साहित्य महाग, तें गरिबांच्या मुलांस कोठून मिळणार? म्हणून १९४५ सालीं बोर्डीस, व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई व अनुताई वाघ ह्यांनीं शिंपले, बिया, खडे, पानें, माती हेंच साहित्य केलें. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळा त्यांच्या अंगणांत नेली. गुरें चारणाऱ्या मुलांसाठीं ती कुरणांतहि नेली. ‘अंगणवाडी’ हें नांव त्यांतूनच रूढ झालें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हां आरंभींच्या ३३ प्रकल्पांत अमरावती जिल्ह्यांतील मेळघाटचें धारणी होतें. ज्या जिल्ह्यांतून ताराबाई रिकाम्या हातानें गेल्या, त्याच जिल्ह्यांतील कोरकू लेंकरांच्या अंगणांत त्यांच्या कामाचें नांव असें परत आलें.

ह्या इतिहासांत आम्हांस स्वतःचा एक अपराध नोंदवावयाचा आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वीं आम्ही नुकतेच सेमिनरींतून बाहेर पडून ह्याच धर्मग्रामांत साहाय्यक म्हणून आलों होतों. रविवारीं प्रश्नोत्तरीच्या वर्गांत फळ्यावर ‘डोळा’ हा शब्द लिहून एका सात-आठ वर्षांच्या मुलास वाचावयास सांगितला. तो म्हणाला, ‘डोया’. आम्हीं तो शब्द त्याच्याकडून तीनदां म्हणवून घेतला; तिन्ही वेळां ‘डोया’च. आम्ही हंसलों, व आमच्यामागें सारा वर्ग हंसला. वऱ्हाडी बोलींत ‘ळ’ चा ‘य’ होतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें काय? ठाऊक होतें. तो मुलगा चुकला नव्हता. आईच्या तोंडचा शब्द त्यानें बरोबर ओळखिला होता. पुढच्या रविवारीं तो आला नाहीं, आणि कांहीं दिवसांनीं त्यानें शाळाहि सोडिली. छडी आम्हीं उचलली नव्हती. १ एप्रिल २०१० पासून कायद्यानेंच शाळेंत मारण्यास बंदी झाली आहे. परंतु हंसण्यास बंदी करणारा कायदा कोणीं करावा?

तो मुलगा मोठा होऊन आपल्या लग्नाच्या दिवशीं नोंदीच्या पुस्तकापुढें उभा राहिला. आम्हीं लेखणी पुढें केली, तेव्हां तो हळूच म्हणाला, ‘फादर, मले सई येत नाई.’ अलीकडच्या पानावरील तो एक ठसा त्याच्या अंगठ्याचा आहे. आम्हांस मात्र तो आपल्याच हातचा वाटतो.

त्यानंतर आम्हीं आपल्या बालवर्गाची रीत बदलली. संत जेरोमच्या सांगण्याप्रमाणें अक्षरांचा क्रम मोडूं लागलों. कारण आपलीं मुलें मुळाक्षरें स्तोत्रासारखीं धडाधड म्हणत, पण मधलेंच एखादें दाखविलें कीं पुन्हां ‘अ’ पासून आरंभ करीत. खडूनें काढलेल्या मोठ्या अक्षरावर मुलें चिंचोके व सरक्या मांडतात. आंधळ्या कोशिंबिरींत डोळे बांधलेलें मूल लांकडी अक्षर चांचपून त्याचें नांव सांगतें. लंगडीच्या घरांत ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’ शेजारीं शेजारीं असतात. उडी चुकली तर सगळीं हंसतात, पण तें हंसणें खेळांतलें. ‘ळ’ च्या वेळीं बाई प्रथम मुलांच्या तोंडचा ‘डोया’ ऐकून घेतात, मग म्हणतात, ‘घरीं असें म्हणूं, पुस्तकांत असें लिहूं.’ दोन्ही शब्द मुलाचेच राहतात.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, पांच वर्षांच्या लेंकरानें वही भरली नाहीं म्हणून त्यास रागें भरूं नका. परातींत थोडें पीठ पसरा, त्याचें बोट हातीं धरा, व त्याच्या नांवाचें पहिलें अक्षर काढा. ज्यास अक्षर गोड लागलें, तो पुढें शुभवर्तमानहि आपणहून उघडील.

प्रभु येशूनें कांहीं लिहिल्याचा प्रसंग शुभवर्तमानांत एकच आहे. त्या वेळीं त्यानें बोटानें, जमिनीवरच लिहिलें. समोर एक भयभीत स्त्री उभी होती, आणि त्यानें तिला दंड केला नाहीं. त्याच प्रभूच्या कृपेनें आपल्या धर्मग्रामांतील एकहि मूल ह्यापुढें अक्षरांस न भिवो, हीच ह्या ज्युबिलीच्या दिवशीं आमची प्रार्थना.